आयबीएस, वाढलेलं वजन आणि जनुकांच्या रिपोर्टमधला ‘दाह’

तुमची हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात चूक असेल तर तुम्हाला लगेच दिसेल. वय ३६, पुण्यात आयटीत नोकरी, उंची १७० सेंमी, वजन ९४ किलो, कंबर १०८ सेंमी. २०१९ मध्ये एका लग्नातलं जेवण बाधलं, चार दिवस ताप आणि जुलाब झाले, आणि त्यानंतर पोट कधी पूर्ण ताळ्यावर आलंच नाही. सकाळी घराबाहेर पडेपर्यंत तीन-चार वेळा जावं लागतं. आधी मुरडा येतो, जाऊन आलं की बरं वाटतं. तेव्हा वजन ७८ होतं, घरून काम सुरू झाल्यापासून चढत गेलं. गेल्या वर्षी साखर काठावर आली म्हणून मेटफॉर्मिन लागलं आणि साधारण त्याच सुमाराला पोट जास्त बिघडलं. गुडघा दुखतो म्हणून शनिवार-रविवारी डायक्लोफेनॅक घेता. कोलोनोस्कोपी आणि बायोप्सी आठ महिन्यांपूर्वी नॉर्मल, म्हणून निदान आयबीएस, म्हणजे तपासण्यांत आतडं ठीक दिसूनही मुरडा-जुलाबाचा त्रास होत राहणं. सीआरपी (दाह असला की रक्तात वाढणारं प्रथिन) ७.२, शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन (आतड्याच्या दाहाची खूण) ६२. आणि आता लाळ पाठवून केलेल्या जनुक-चाचणीत ‘टीएनएफ-अल्फा, आयएल-६ : दाहाची प्रवृत्ती जास्त’ आणि ‘एफटीओ : लठ्ठपणाचा धोका जास्त’ असं लाल अक्षरांत छापून आलंय. आईलाही पोटाचा असाच त्रास आहे, आणि हल्ली तिचं हिमोग्लोबिन ९ वर आलंय.

तुमचे प्रश्न तीन. दाह जनुकांतच असेल तर वजन उतरवून काय उपयोग? दाह कमी करणारं औषध डॉक्टर का देत नाहीत? आणि सात वर्षांच्या मुलाचीही हीच चाचणी करून घ्यावी का?

मी वीसेक वर्षं पोटविकारांचीच प्रॅक्टिस करतोय. पण तुमच्या पोटावर हात ठेवून पाहिलेलं नाही, त्यामुळे पुढचं सगळं तुमच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावं म्हणून लिहितोय. औषध सुरू किंवा बंद करण्याचा निर्णय त्यांच्यासोबतच घ्या.

सुरुवात ‘दाह’ या शब्दापासून करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. मराठीत दाह म्हटलं की पेशंटला छातीतली जळजळ आठवते, सूज म्हटलं की पाय सुजणं आठवतं. ‘इन्फ्लमेशन’ या दोन्हींपैकी काहीच नाही. प्रतिकारशक्तीच्या पेशी कुठेतरी गोळा होऊन रासायनिक संदेश सोडत राहतात, ती ही प्रक्रिया. ती शरीरात नेमकी कुठे चाललीय, हे सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या रिपोर्टांत वेगवेगळ्या ठिकाणच्या गोष्टी एका शब्दाखाली जमा झाल्या आहेत.

पहिली जागा चरबी. पोटाच्या आत, अवयवांभोवती साठलेली चरबी म्हणजे नुसतं गोदाम नसतं. चरबीच्या पेशी फुगल्या की त्यांच्यात मॅक्रोफेज नावाच्या पेशी शिरतात आणि टीएनएफ-अल्फा, आयएल-६ हे दाहाचे रासायनिक संदेश सोडायला लागतात. लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ तयार होतं हे १९९३ मध्येच दाखवलं गेलं होतं. हे आयएल-६ रक्तातून यकृताकडे जातं आणि यकृत सीआरपी बनवतं. त्यामुळे १०८ सेंमी कंबर असलेल्या माणसाचं सीआरपी ७ येणं हे माझ्या ओपीडीत रोजचं दृश्य आहे. ते आतड्यातून आलंय असं समजायला काही आधार नाही. आतड्याचा खरा दाह, म्हणजे क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस, शोधायला आम्ही कॅल्प्रोटेक्टिनकडे जास्त पाहतो. ५० च्या खाली असेल तर निर्धास्त. तुमचं ६२ म्हणजे उंबरठ्यावर, आणि वेदनाशामक गोळ्यांनी, वजनानेही ते थोडं वर सरकतं. डायक्लोफेनॅक तीन-चार आठवडे पूर्ण बंद ठेवा आणि मग पुन्हा तपासा. कोलोनोस्कोपी व बायोप्सी नॉर्मल असताना या आकड्याने मी झोप उडवून घेणार नाही.

दुसरी जागा आतड्याचं अस्तर. इथे मात्र तुमच्या शंकेत तथ्य आहे. आयबीएसच्या काही रुग्णांत, विशेषतः ज्यांना जंतुसंसर्गानंतर तो सुरू झाला त्यांच्यात, अस्तरात मास्ट पेशी (प्रतिकारशक्तीच्याच एका प्रकारच्या पेशी) जास्त असतात आणि त्या मज्जातंतूंच्या अगदी जवळ बसलेल्या असतात. इटलीतल्या बोलोन्याच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की या पेशी मज्जातंतूंच्या जितक्या जवळ, तितकं पोटदुखीचं प्रमाण जास्त. पण हा दाह इतका सूक्ष्म असतो की नेहमीच्या बायोप्सीत तो ‘नॉर्मल’च दिसतो, आणि सीआरपीवर त्याचा ठसा उमटत नाही.

संसर्गानंतरच्या आयबीएसचं सगळ्यात मोठं उदाहरण कॅनडातलं. ऑन्टारियो प्रांतातल्या वॉकरटन गावात मे २००० मध्ये पिण्याच्या पाण्यात ई. कोलाय आणि कॅम्पायलोबॅक्टर हे जंतू मिसळले. २,३०० हून अधिक लोक आजारी पडले, सात जण दगावले. दोन-तीन वर्षांनी पाहिलं तर डॉक्टरी निकषांनुसार संसर्ग झाला असावा असं वाटलेल्यांपैकी ३६ टक्क्यांना आयबीएस होता, न झालेल्यांत १० टक्क्यांना. एकूण आजारी पडलेल्यांत हे प्रमाण आठ वर्षांपर्यंत २८ टक्क्यांवरून १५ वर आलं, न पडलेल्यांत ते ५ होतं. पुढे याच गावकऱ्यांची जनुकं तपासली, तेव्हा टीएलआर-९, सीडीएच-१ आणि आयएल-६ या जनुकांतल्या काही बदलांचा संबंध दिसला. म्हणजे तुमच्या रिपोर्टातलं आयएल-६ हे नाव हवेतून आलेलं नाही. पण त्या अभ्यासाचं म्हणणं एवढंच होतं की एकाच विहिरीचं पाणी प्यायलेल्यांत कुणाचं पोट मागाहून कुरकुरत राहण्याची शक्यता किंचित जास्त, कुणाचं कमी. संसर्ग झाला नसता तर हा प्रश्नच आला नसता. आणि आठ वर्षांत जवळजवळ निम्मे लोक सुधारले, जनुकं मात्र तीच राहिली. टीएनएफच्या ज्या बदलाचा तुमच्या रिपोर्टात उल्लेख आहे, त्यावर जगभर बरेच अभ्यास झाले. काहींत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. असा निष्कर्ष लाल अक्षरांत छापायच्या लायकीचा नसतो.

मग आयबीएसची खरी आनुवंशिकता कुठे आहे? २०२१ मध्ये याचं बऱ्यापैकी उत्तर मिळालं. ५३,४०० रुग्ण आणि ४,३३,२०१ इतर लोकांच्या जनुकांची तुलना झाली आणि सहा ठिकाणं सापडली. त्यांतली एनसीएएम-१, सीएडीएम-२ ही नावं बघा : चेतापेशी एकमेकींना कशा जोडल्या जातात याच्याशी संबंधित जनुकं. चिंता आणि नैराश्याच्या आनुवंशिकतेशीही त्यांचं नातं दिसलं. दाहाची नेहमीची जनुकं तिथे रांगेत पुढे उभी आहेत, असं काही दिसलं नाही. आणि या पद्धतीने मोजता येणारा आनुवंशिक वाटा निघाला ६ टक्क्यांच्या जवळपास. लोक मुख्यतः युरोपीय वंशाचे होते, तेव्हा आपल्याकडे आकडा थोडा वेगळा येऊ शकतो.

आता गंमत बघा. सीएडीएम-२ हेच जनुक २०१० मध्ये बीएमआयशी (उंचीच्या मानाने वजन सांगणाऱ्या आकड्याशी) संबंधित जनुकांच्या यादीतही आलं होतं. लठ्ठपणाशी जोडलेलं दुसरं जनुक, एमसी४आर, मेंदूतल्या भूक आवरणाऱ्या केंद्रात काम करतं. तुमच्या रिपोर्टातलं एफटीओ हेही मुख्यतः भुकेमार्फतच वजन वाढवतं. लठ्ठपणाची बहुतेक नेहमीची जनुकं मेंदूशीच निगडित निघाली आहेत. म्हणजे आयबीएस आणि लठ्ठपणा यांच्यात आनुवंशिक धागा शोधायचाच झाला, तर तो दाहापेक्षा मेंदू आणि मज्जातंतूंच्या बाजूला जास्त सापडतो. सीआरपी वाढणं हा बराचसा वजनाचा परिणाम. गेली काही वर्षं मी पेशंटना हेच सांगत आलोय.

एफटीओचं वजनही एकदा मोजून टाकू. हे जनुक २००७ मध्ये सापडलं. त्याच्या दोन्ही प्रती ‘धोक्याच्या’ असलेला माणूस, एकही नसलेल्यापेक्षा सरासरी तीन किलोंनी जड असतो. तुमचे २०१९ पासून १६ किलो वाढलेत, आणि ७८ किलोचे होता तेव्हाही एफटीओ हेच होतं. शिवाय शारीरिक हालचाल करणाऱ्या प्रौढांत या जनुकाचा परिणाम सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी कमी होतो, असं दोन लाखांहून अधिक लोकांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे.

पुण्यातलेच आहात म्हणून एक जोड देतो. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्या लोकांत दिसणाऱ्या वजनापेक्षा आतली चरबी जास्त असते, म्हणून आपल्याकडे लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ वर आणि पुरुषांची कंबर ९० सेंमीवर ओढली आहे. तुमचा बीएमआय ३२.५ आहे. इंग्रजी संकेतस्थळांवरचे तक्ते पाहून ‘तसा फार नाही’ म्हणू नका.

आता दाहाचं औषध. तुमचा तर्क सरळ आहे : दाह आहे, तर दाहशामक द्या. आमचाही तोच होता. कोलायटिसमध्ये उत्तम चालणारं मेसालाझिन आयबीएसच्या रुग्णांना देऊन मोठ्या चाचण्या झाल्या. एकूण गटात ते साध्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. संसर्गानंतरच्या आयबीएसमध्ये स्टेरॉइड देऊन पाहिलं, अस्तरातल्या पेशी कमी झाल्या, लक्षणं हलली नाहीत. डॉक्टर दाहाचं औषध देत नाहीत याचं कारण हे आहे. शिवाय तुमच्यासारख्या साखर काठावर असलेल्या माणसाला ‘दाह’ म्हणून कुणी स्टेरॉइड लिहून दिलं, तर पोट तसंच राहील आणि साखर मात्र चढेल.

तिसरी जागा तुमच्या कुठल्याच रिपोर्टात नाही, आणि मला सर्वांत जास्त शंका तिचीच येते : पित्त. आपल्याकडे पित्त म्हणजे आंबट ढेकर आणि डोकं दुखणं, पण मी म्हणतोय ते यकृतात बनणारं हिरवट-पिवळं पित्त. त्यातली बाइल ॲसिड चरबी पचवतात आणि लहान आतड्याच्या शेवटी जवळजवळ सगळी परत शोषली जातात. ती जास्त बनली किंवा कमी शोषली गेली तर मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे ती पाणी सुटायला लावतात, आतडं घाईला येतं. जुलाबाच्या आयबीएसचं लेबल लागलेल्या साधारण चारांपैकी एकाला खरं तर हे असतं. आणि वजन जास्त असलेल्यांत बाइल ॲसिड जास्त तयार होण्याकडे कल असतो.

जनुक, वजन आणि पोट यांची खरी गाठ जर कुठे पडत असेल तर इथे. आतड्याकडून यकृताला ‘पुरे, आता बनवू नकोस’ असा निरोप जातो. तो एफजीएफ-१९ नावाचं संप्रेरक नेतं आणि यकृताच्या दारात तो घ्यायला केएलबी जनुकापासून बनलेलं प्रथिन उभं असतं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या कामात या केएलबीतल्या एका बदलाचा संबंध जुलाबाच्या आयबीएसमधल्या आतड्याच्या वेगाशी दिसला. पण ते जनुक तपासून औषध ठरवायची वेळ अजून आलेली नाही, आणि गरजही नाही. बाइल ॲसिडची थेट चाचणी आपल्याकडे सहज होत नाही, म्हणून आम्ही ती बांधून ठेवणारी कोलेस्टिरामाइनची पावडर दोनेक आठवडे देऊन बघतो. उत्तर लवकर कळतं. बाकीची औषधं तिच्या तासभर आधी किंवा चार-सहा तासांनंतर घ्यावी लागतात, आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) जास्त असतील तर ती जपून द्यावी लागते. लिपिड प्रोफाइल तुम्ही लिहिलेलं नाही, ते आधी करून घ्या. पित्ताशय काढलेलं असेल तर तेही सांगा.

पण त्याच्याही आधी मेटफॉर्मिन. इथे माझी एक चूक सांगतो. एका बँकेत काम करणाऱ्या बाई माझ्याकडे दोन वर्षं ‘आयबीएस’ म्हणून येत होत्या. आहार बदलला, गोळ्या बदलल्या, ‘ताण कमी करा’ असंही मी मोठ्या थाटात सांगितलं. मग एकदा त्या आठवडाभर गावी गेल्या, मेटफॉर्मिनची डबी घरी राहिली, आणि परत येऊन म्हणाल्या, ‘डॉक्टर, गावच्या पाण्याने पोट बरं झालं.’ औषधांची यादी माझ्या केसपेपरवर पहिल्या दिवसापासून लिहिलेली होती. तेव्हापासून जुलाबाच्या प्रत्येक पेशंटला मी गोळ्यांची पिशवीच टेबलावर ओतायला लावतो. तुमचं पोट बिघडण्याचा आणि मेटफॉर्मिनचा काळ जुळतोय. तुमच्या डॉक्टरांना विचारून ते आठ-दहा दिवस थांबवून पाहा, किंवा हळू विरघळणारी गोळी रात्रीच्या जेवणासोबत घेऊन पाहा. स्वतःहून बंद करू नका.

वजन उतरवून उपयोग आहे का? आहे. बाइल ॲसिडचा भार कमी होतो, गुडघ्याची गोळी सुटते, मेटफॉर्मिनची गरजही कदाचित कमी होते. तुमच्या पोटाला छळणाऱ्या तीन गोष्टी एकदम सैल होतात. माझ्या पेशंटमध्ये पाच-सात किलो उतरल्यावर सकाळच्या फेऱ्या कमी झालेल्या मी अनेकदा पाहिल्या आहेत. सगळ्यांच्याच झाल्या असं नाही. मुरडा आणि फुगणं ज्यांचं मुख्य दुखणं आहे, त्यांना फरक कमी पडतो.

अडचण अशी की वजन उतरवायचे लोकप्रिय उपायच आयबीएसचे शत्रू आहेत. सकाळी वाटीभर मोड आलेले मूग-मटकी, दुपारी कच्च्या कांद्याचं सॅलड, चहात शुगरफ्री, तोंडात सॉर्बिटॉलवालं च्युइंगम, व्यायामानंतर व्हे प्रोटीनचा शेक, संध्याकाळी ‘हाय फायबर’ बिस्किटं. असा पेशंट महिन्याभरात माझ्याकडे येतोच. कीटो केलं तर चरबी वाढते आणि तिच्यामागे बाइल ॲसिड. त्यात रात्रीचं जेवण साडेदहाला, सकाळी नाश्ता नाही, थेट दोन कप कॉफी. आतडं सकाळी मुळातच जागं असतं. कॉफीने ते पळायला लागतं.

कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, आंबा, काजू यांतल्या काही शर्करा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत आणि पुढे जाऊन फसफसतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाने यावरून लो-फॉडमॅप आहार बसवला. आपल्याकडे तो पूर्ण पाळणं म्हणजे घरात भांडण. म्हणून मी आधी एकच विचारतो : घरात कांदेनवमी पाळतात का? चातुर्मासात कांदा-लसूण बंद झाल्यावर ज्यांचं पोट दर वर्षी बरं असतं, त्यांनी आपली चाचणी नकळत आधीच केलेली असते. नसेल पाळत, तर चार आठवडे फक्त कांदा, लसूण आणि दूध बंद ठेवा. स्वादाला हिंग चालतो. नंतर एकेक पदार्थ परत आणा. हा परत आणायचा भाग लोक विसरतात आणि वर्षानुवर्षं भाताच्या पेजेवर राहतात. उपवासाची साबुदाणा खिचडी मात्र पोटाला विश्रांती नव्हे, आणि कंबरेला तर नाहीच. कोंड्याऐवजी इसबगोल घ्या, एक चमचा, भरपूर पाण्यातून. जुलाबातही तो चालतो.

एवढं करून मुरडा राहिलाच तर अमिट्रिप्टिलिन या मुळात नैराश्यावरच्या औषधाचा विचार होतो. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ४६३ रुग्णांच्या चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅमच्या छोट्या डोसने आयबीएसची लक्षणं कमी झाली. नाव वाचून ‘मला वेडाची गोळी दिली’ असं समजू नका. वर सांगितलेला मज्जातंतूंचा धागा आठवा, औषध तिथेच काम करतं. वजन थोडं वाढवू शकतं, म्हणून तुमच्याबाबतीत मी ते शेवटच्या फळीत आणि लहानात लहान डोसमध्ये ठेवीन. सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडची इंजेक्शनं हल्ली सगळेच विचारतात. वजन उतरतं, काहींचे जुलाब उलट बद्धकोष्ठावर जातात, काहींना मळमळीने जेवणच जात नाही. पोट थोडं स्थिरावल्याशिवाय मी ती सुरू करत नाही.

क्रम असा ठेवा : डायक्लोफेनॅक बंद, मग मेटफॉर्मिनचा प्रयोग, मग कांदा-लसूण-दूध, मग पावडर. सगळं एकदम केलंत तर कशाने बरं वाटलं ते कळणार नाही. सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लूटेनने होणाऱ्या आतड्याच्या आजाराची) रक्तचाचणी झाली नसेल तर ती गहू चालू असतानाच करून घ्या. हा आजार लठ्ठ माणसांतही सापडतो. शौचातून रक्त, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप किंवा प्रयत्न न करता वजन उतरणं, यांतलं काहीही दिसलं तर क्रम बाजूला ठेवून लगेच दाखवा. आपल्याकडे आतड्याचा टीबीही विसरून चालत नाही.

मुलाची चाचणी करू नका. जुळ्यांच्या एका जुन्या अभ्यासात एकाला आयबीएस असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण एकरूप जुळ्यांत १७ टक्के आणि इतर जुळ्यांत ८ टक्के निघालं. म्हणजे जनुकं शंभर टक्के सारखी असूनही बहुतेक वेळा दुसरा ठणठणीत. त्याच अभ्यासात आईला आयबीएस असणं हे जुळ्या भावंडाला असण्यापेक्षाही जास्त बोलकं ठरलं. घरात पोटाबद्दल किती बोललं जातं, शाळेला निघताना किती वेळा ‘जाऊन ये’ म्हटलं जातं, हेही मूल आईबापांकडून घेतं. रिपोर्टात काहीही आलं तरी त्याला सांगायचं तेच : खेळ, वेळेवर जेव, झोप.

तुमच्या सगळ्या मजकुरात मला जिथे थांबावंसं वाटलं ती ओळ आईची आहे. तिचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण तुमच्या वयावरून साठीच्या आसपास असणार. आयबीएसमुळे हिमोग्लोबिन ९ होत नाही, आणि तुमच्या रिपोर्टातल्या जनुकांमुळेही नाही. या वयात त्याच जुन्या पोटदुखीच्या आड मोठ्या आतड्यातून थोडं थोडं रक्त जात असू शकतं. तिचं फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि शौचातल्या गुप्त रक्ताची तपासणी करून घ्या, पण ती तपासणी नॉर्मल आली तरी कोलोनोस्कोपीचं बोलणं टाळू नका. तुमचं मेटफॉर्मिन पुढच्या आठवड्यात पाहिलंत तरी चालेल. आईला या आठवड्यात दाखवा.